एक खोली गडद हिरवी होऊ द्या

पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करताना रंगाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "रंग लाइटच ठेवा हं." नव्या फ्लॅटमध्ये राहायला येणारं तरुण जोडपं असो की निवृत्तीनंतर घर नीट करून घेणारे काका-काकू, शेडकार्ड उघडलं की बोट जाऊन थांबतं ते आयव्हरी, क्रीम किंवा फार तर फिकट राखाडीवर. मागच्या पानांवर गडद हिरवे रंग असतात. तिथे नजर रेंगाळते, "छान आहे हो" असं तोंडातून निघतं आणि पान उलटतं.

त्या उलटलेल्या पानाची बाजू मला आज मनापासून मांडायची आहे. स्वतःच्या मालकीच्या प्रत्येक घरात निदान एक खोली गडद असावी, आणि ती गडद ऑलिव्ह हिरव्या रंगाची असेल तर फारच उत्तम, असं माझं ठाम मत आहे. हा हिरवा म्हणजे पोपटी नव्हे, बाटलीचा हिरवाही नव्हे. साडीच्या दुकानात ज्याला मेंदी रंग म्हणतात त्याहून दोन पायऱ्या गडद, पिवळसर आणि मातीकडे झुकलेला असा हा हिरवा आहे.

आपल्या भिंती काही पूर्वीपासून अशा फिकट नव्हत्या. चुन्यात नीळ घालून खोल्या रंगवल्या जायच्या. भिंतीच्या खालच्या अंगाला गेरूचा किंवा ऑइलपेंटचा पट्टा असायचा, तो चांगला कमरेच्या वरपर्यंत. कोकणातल्या घरांची दारं-खिडक्या हिरव्या ऑइलपेंटमध्ये रंगवलेली आजही दिसतात. पणजीच्या फोंताइन्हास भागात फिरलं तर पिवळ्या, निळ्या, लाल, हिरव्या भिंती एकमेकींना खेटून उभ्या असतात. मग फ्लॅट आले. बिल्डरनं सगळीकडे एकच पांढरट रंग मारून ताबा दिला आणि आपण तोच पुढे चालवला. त्यात भर पडली ती "उद्या विकायचा झाला तर?" या प्रश्नाची. म्हणजे ज्या माणसाला आपण ओळखत नाही, जो कदाचित कधी येणारही नाही, त्याच्या आवडीनं आपण आपल्या भिंती रंगवतो. वीस वर्षांचं कर्ज आपण फेडायचं आणि रंग मात्र त्याला आवडेल असा द्यायचा, हे मला पटत नाही.

हा रंग परका आहे, मासिकांतून उचललेला आहे, असंही लोकांना वाटतं. तसं मुळीच नाही. अजिंठ्याच्या चित्रांत जो मंद हिरवा दिसतो, तो हिरव्या मातीचा रंग आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पोकळ्या असतात आणि त्यांच्या कडांना सेलॅडोनाइट नावाच्या खनिजाचा हिरवट थर धरलेला असतो. खाणीतून फोडून आणलेल्या दगडावर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, चुन्याचा पांढरा आणि काजळीचा काळा हे रंग इथल्याच मुलखात मिळवले. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द तेवढा बदख्शानातून यायचा. याचा अर्थ मातकट हिरवा हा सह्याद्रीच्या दगडातला रंग आहे आणि आपल्या मातीतल्या चित्रकारांनी तो दीड हजार वर्षांपूर्वी भिंतीवर लावलेला आहे.

तो तयार कसा होतो, हे एकदा घरी करून बघा. बशीत पिवळी माती किंवा चित्रकलेच्या पेटीतला पिवळा गेरू रंग घ्या आणि त्यात काळ्याचा अगदी थेंब टाका. ब्रशनं घोळवलं की पिवळ्याचा मळकट तपकिरी होईल असं वाटतं, प्रत्यक्षात बशीत हिरवा उतरतो. हिरव्या रंगाचा कणही न घालता मिळालेला हा हिरवा म्हणजे ऑलिव्हचा गाभा. दुकानातल्या टिंटिंग मशीनमध्येही साधारण हेच घडतं. डब्यात पांढरी पूड कमी असलेला डीप बेस घेतात, त्यात यलो ऑक्साइड आणि काळा सोडतात, वर थोडा हिरवा. पिवळ्याचं प्रमाण वाढलं की रंग उबदार होतो, काळ्याचं वाढलं की गंभीर. म्हणून दोन कंपन्यांच्या एकाच नावाच्या शेडवर विसंबू नका. नाव सारखं असलं तरी डब्यातलं मिश्रण वेगळं असतं.

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर एक घर होतं. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, वाचनाची भारी आवड. त्यांची मागची खोली दहा बाय अकरा फुटांची. खिडकीबाहेर चार हातांवर कंपाउंडची भिंत आणि तिच्यावर झुकलेलं आंब्याचं झाड. खोलीला वर्षानुवर्षं पांढरा रंग होता, तरी भर दुपारी दिवा लावावा लागे. मी गडद ऑलिव्ह सुचवला तशा काकू म्हणाल्या, "आधीच अंधार, त्यात तू गडद रंग म्हणतेस? कोठडी होईल गं!"

मी म्हटलं, "काकू, पांढऱ्या भिंतीला परत पाठवायला आधी उजेड तर मिळायला हवा. इथे तो येतच नाही, म्हणून तर तुमची पांढरी भिंत करडी दिसते. आपण आधी पॅच मारू. चार दिवस बघा आणि मग सांगा."

खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या अशा दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले. सकाळी झाडातून उजेड आला की समोरचा चौकोन पिवळसर, जवळजवळ पिकल्या पानासारखा दिसायचा. दुपारी तो शांत हिरवा व्हायचा आणि संध्याकाळी दिवा लागला की तपकिरीकडे झुकायचा. खिडकीलगतचा चौकोन मात्र दिवसभर गडदच राहायचा. एकाच डब्यातला रंग दोन भिंतींवर दोन स्वभाव दाखवत होता. काकूंनी ते निरखून पाहिलं आणि काकांना हाक मारून म्हणाल्या, "हा रंग दिवसभर बदलतो हो." होकार तिथेच मिळाला.

खोली पूर्ण झाल्यावर जे घडलं ते प्रकाशाच्या नियमानं घडलं, त्यात जादू काही नाही. पांढऱ्या खोलीत खिडकी आणि भिंत यांच्या उजळपणातला फरक कमी असतो, त्यामुळे नजर कुठेच ठरत नाही. भिंती गडद झाल्यावर खिडकी ही खोलीतली सगळ्यात उजळ गोष्ट झाली, आणि तिच्यातला आंबा पहिल्यांदाच ठसठशीत दिसू लागला. कोपऱ्यांच्या कडा विरल्या. आपल्या फ्लॅटमध्ये बीम आणि कॉलम भिंतीतून पुढे आलेले असतात. पांढऱ्या रंगात त्यांच्या सावल्या पडून ते टेंगळासारखे उठून दिसतात. काकूंच्या खोलीतला बीम आणि दाराची चौकट भिंतीच्याच रंगात घेतली आणि दोन्ही भिंतीत मिसळून गेले. छत तेवढं किंचित पिवळसर पांढरं ठेवलं. खोलीचं माप तेच राहिलं, आणि ती लहान झाल्याचं कुणालाही वाटलं नाही.

म्हणूनच 'हायलायटर वॉल' या प्रकाराला माझा विरोध आहे. टीव्हीमागची एक भिंत गडद आणि उरलेल्या तीन क्रीम, ही पद्धत घरोघरी रूढ झाली आहे. त्यात गडद रंगाचा फायदा एकही मिळत नाही. तीन उजळ भिंतींच्या शेजारी ती चौथी भिंत आणखी काळी दिसते, पुढे सरकल्यासारखी वाटते आणि खोली खरोखरच आखूड भासते. मग लोक म्हणतात, "बघा, गडद रंगानं खोली लहान झाली." ती लहान दिसते ती अर्धवट कामामुळे. रंगवायची तर चारही भिंती रंगवा. धीर होत नसेल तर घरातली सगळ्यात लहान खोली निवडा, पण ती पूर्ण करा.

आता उजेडाचा हिशेब. रंग किती उजेड परत पाठवतो याचं एक माप असतं, त्याला एलआरव्ही म्हणतात. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा मिळतो. चांगल्या पांढऱ्याचा तो ८५च्या आसपास असतो, गडद ऑलिव्हचा १०च्या आसपास. म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडातला बहुतेक भाग ती भिंत ठेवून घेते. हे लपवून कुणी तुम्हाला हा रंग विकत असेल तर ऐकू नका. या खोलीत छताला एकच ट्यूब लावून भागत नाही. वाचायच्या खुर्चीशी एक, पलंगाशी एक, कपाटावर किंवा चित्रावर एक, असे उजेडाचे तीन-चार ठिपके लागतात. बल्ब २७०० ते ३००० केल्व्हिनचे घ्या, म्हणजे खोक्यावर 'वॉर्म' लिहिलेले. ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड या रंगावर पडला की त्यातला पिवळा मरतो आणि भिंत करडी, आजारी दिसते. खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त असेल तर रंग अधिक खरा दिसतो. गडद रंग फसल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी भिंतीचं काम चोख असतं, चुकलेला असतो तो दिवा.

या रंगाला सोबतही आपल्याच घरातली लागते, आणि मला तो आवडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. सागवानी कपाट क्रीम भिंतीसमोर नुसतं तपकिरी दिसतं, ऑलिव्हसमोर त्याच्या लाकडातला लालसरपणा उठून येतो. माळ्यावर टाकलेला तांब्याचा हंडा, आजीची पितळी समई, वेताची खुर्ची, जुने कृष्णधवल फोटो, सगळ्यांना ही भिंत सांभाळून घेते. पडद्याला महागडं कापड नको, बिनरंगी मांजरपाट पुरतं. पलंगावर सोलापुरी चादर टाका. जुन्या घरांतली कोट्याची फरशी मुळात हिरवट करडी असते, तिच्याशी हा रंग लगेच जुळतो. नव्या फ्लॅटमधल्या चकचकीत आयव्हरी टाइल्सवर मात्र सतरंजी अंथरा, नाहीतर खालचा लखलखाट आणि वरची शांत भिंत यांचं जुळत नाही.

आक्षेप मी रोज ऐकते. पहिला आक्षेप असतो, "लष्कराची छावणी वाटेल." गणवेशाचा हिरवा सपाट असतो, झाडीत लपण्यासाठी निवडलेला. घरात त्याच्या शेजारी लाकूड, पितळ आणि सुती कापड आलं की छावणीची आठवणही येत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासू मंडळी घेतात. ऑस्ट्रेलियानं २०१२मध्ये सिगारेटची सगळी पाकिटं एकाच रंगात आणली. पँटोन ४४८ सी हा तो रंग, लोकांना सगळ्यात नकोसा वाटेल म्हणून पाहणी करून निवडलेला आणि ऑलिव्हच्या अगदी जवळचा. सुरुवातीला त्याला ऑलिव्ह हिरवाच म्हटलं गेलं, तेव्हा तिथल्या ऑलिव्ह उत्पादकांनी हरकत घेतली होती. माहिती खरी आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष भिंतीला लागू पडत नाही. रोगट अवयवांच्या छायाचित्रांशेजारी पाकिटावर छापलेला रंग आणि सकाळच्या उन्हात सागवानामागे उभा असलेला रंग यांची तुलना होऊ शकत नाही. रंग कधी एकटा दिसत नसतो.

तिसरा आक्षेप असतो, "मन उदास होईल." लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात विल्यम मॉरिसच्या कंपनीनं १८६०च्या दशकात सजवलेली 'ग्रीन डायनिंग रूम' आहे. ढगाळ हवेच्या त्या शहरात, हिरव्या भिंतींच्या त्या दालनात लोक आजही आनंदानं चहा पितात. आपल्याकडे तर उजेडाची ददात नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पांढऱ्या भिंतीवरून परतणारी तिरीप डोळ्यांना खुपते, तेव्हा हिरव्या खोलीत शिरलं की डोळे निवतात.

हिरव्या रंगाचा एक इतिहास मात्र खरोखर भयंकर आहे आणि तोही सांगायला हवा. १७७५ साली कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञानं तांबं आणि आर्सेनिकपासून एक हिरवा बनवला. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या भिंतींवरच्या कागदांत तशा हिरव्यांचा सर्रास वापर झाला. ओल येऊन बुरशी धरली की त्यातून विषारी वायू सुटायचा. आजच्या ऑलिव्हमध्ये आर्सेनिक नाही. लोखंडाची ऑक्साइडं, काजळी आणि सुरक्षित हिरवं रंगद्रव्य असतं. शिशाबाबत भारतात २०१६चे नियम आहेत. त्यांनुसार घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ते नोव्हेंबर २०१७पासून लागू आहेत. धोका आहे तो जुन्या दारा-खिडक्यांच्या हिरव्या आणि पिवळ्या ऑइलपेंटमध्ये, कारण पूर्वी त्यांत शिशाचं क्रोमेट वापरलं जायचं. तो कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या वेळी घरात ठेवू नका आणि पेंटरला चांगला मास्क द्या.

कामाची शिस्त पांढऱ्यापेक्षा जास्त लागते. ओल असलेल्या भिंतीवर गडद रंग कधीच नको. क्षार वर आले की पांढरे ओघळ लांबून दिसतात. आधी गळती शोधा, भिंत पूर्ण वाळू द्या. पुट्टीचं घासकाम दिवा भिंतीला लावून तिरप्या उजेडात तपासा, कारण खाचखळगे गडद रंगात झाकत नाहीत. प्रायमर पांढरा न ठेवता राखाडी किंवा त्याच शेडकडे झुकलेला घ्या. डीप बेसमध्ये झाकणारी पांढरी पूड कमी असते, त्यामुळे आमचे पेंटर सांगतात तेच खरं, "मॅडम, दोन हातांत बसणार नाही, तिसरा धरा." तिसऱ्या हाताचे पैसे आणि दिवस आधीच ठरवा. अगदी मॅट फिनिशवर हात घासला तरी चमकते डाग पडतात, म्हणून मुलांच्या वावरात धुता येईल असं किंचित तकाकीचं फिनिश बरं. संपूर्ण खोलीचा रंग एकाच वेळी मिसळून घ्या आणि उरलेला डबा जपून ठेवा. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका. हवेत दमटपणा, पेंटरच्या डोक्यावर चार घरांची घाई, दोन हातांमध्ये वाळायला वेळ नाही, मग काम बिघडतं. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा या रंगासाठी सगळ्यात चांगली.

सरसकट सगळ्यांनी हे करावं असं मी म्हणणार नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. गडद भिंत परत पांढरी करायला एक प्रायमर आणि जास्तीचे हात लागतात, तो खर्च तुमच्यावर येईल. स्वयंपाकघरात गॅसच्या मागे तेलकट वाफेखाली हा रंग नको. उन्हात तापणाऱ्या बाहेरच्या भिंतीलाही नको, गडद रंग उष्णता शोषतो. घरात नजर कमी झालेली वडीलधारी माणसं असतील तर अरुंद पॅसेज उजळ ठेवा. त्यांच्या खोलीत मात्र गडद भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड चटकन दिसतो, त्याचा उपयोगच होतो.

घर विकायची वेळ आलीच तर एक खोली पुन्हा पांढरी करायला फार तर आठवडा लागेल. त्या एका आठवड्याच्या भीतीनं पुढची पंधरा-वीस वर्षं नावडत्या भिंतींमध्ये काढू नका. तेव्हा यंदा रंग काढणार असाल तर शेडकार्डची मागची पानं उघडा, ऑलिव्हचा छोटा डबा आणा, दोन भिंतींवर पॅच मारा आणि चार दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ बघा. आवडला तर एक खोली पूर्ण रंगवा, चारही भिंती. राहणार तुम्ही आहात; रंगही तुमच्याच आवडीचा असू द्या.